सावली कुणावर पडावी?

मे महिन्याचा पहिला आठवडा. दुपारचे साडेबारा वाजत आले होते. बेळगावच्या आमच्या घराच्या अंगणात नात उभी होती आणि वाकून फरशीवर काहीतरी शोधत होती.

"अज्जा, माझी सावली कुठं गेली?"

तिचे म्हणणे खरे होते. ऊन रणरणत होते, पण सावली नव्हती. मी आतून स्टीलचा पेला आणून तिच्या शेजारी पालथा ठेवला. त्याचीही सावली नाही. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला कारण ठाऊक होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी सरळ येतो. बेळगावला हे दिवस ३-४ मे आणि ८-९ ऑगस्टच्या सुमारास येतात. त्या दिवशी क्षणभर उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच दडते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात.

नातीला मजा वाटली. कट्ट्यावर माझी आई बसली होती. तिला हाक मारून ती म्हणाली, "पणजी, तू पण ये. तुझी सावली गेली का बघू या."

आई हसली. म्हणाली, "बरं झालं की गं. आज तरी माझी सावली कुणावर पडत न्हाई."

दारात उभ्या असलेल्या सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना तेव्हा पाचवा महिना होता. मी नजर चुकवून पेला उचलला आणि आत गेलो. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. वडील गेल्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. एवढी वर्षे ही बाई आपली सावली सांभाळत वावरते आहे. सावलीत असे आहे तरी काय, म्हणून मी कपाटातली जुनी पुस्तके पुन्हा काढली.

एकच शब्द, दोन अर्थ

आमचे घर सीमाभागातल्या अनेक घरांसारखेच. आम्ही मराठी, सूनबाई धारवाडकडच्या, कन्नड. नात एका दमात "अम्मा, नीरु" म्हणते आणि दुसऱ्या दमात "आजी, भात वाढ." त्यामुळे कुठलाही शब्द आमच्याकडे दोनदा तपासला जातो.

मराठीत झाडाखाली बसतो ती सावली आणि भिंतीवर हलते तीही सावलीच. कन्नडातही दोन्हींना एकच शब्द, नेरळु. इंग्रजीने यासाठी दोन वेगळे शब्द केले, आपण केले नाहीत. वडीलधारे गेले की आपण म्हणतो, डोक्यावरची सावली गेली. राजाच्या डोक्यावर छत्र असते आणि प्रजा त्याच्या छत्रछायेत नांदते. पण त्याच सावलीवरून आपण दुष्काळाचे ‘सावट’ म्हणतो आणि कन्नड माणूस ‘करिनेरळु’ म्हणतो. जी मागायची ती सावली आणि जिला भ्यायचे तीही सावलीच.

ही दुहेरी समज फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे. त्यात ज्या देवाला हवी द्यायचा त्याचे वर्णन करताना ऋषी म्हणतो की अमृतत्व ही त्याची छाया आहे आणि मृत्यूही त्याचीच छाया आहे. एकाच ओळीत दोन्ही. एक छाया चांगल्याची आणि दुसरी वाईटाची अशी वाटणी त्याने केली नाही. ती आपण नंतर केली.

सूर्याच्या घरातली छाया

पुराणांत तर छाया नावाची बाईच आहे. सूर्याची पत्नी संज्ञा, विश्वकर्म्याची मुलगी. नवऱ्याचे तेज तिला सोसेना. तेव्हा तिने आपल्यासारखी हुबेहूब दिसणारी छाया निर्माण केली, तिला घरात ठेवले आणि स्वतः निघून गेली. मनू, यम आणि यमी ही संज्ञेची मुले छायेच्या हाती आली. पुढे छायेला स्वतःची मुले झाली, त्यांतला एक शनी. मग दुजाभाव झाला, यमाने रागाने पाय उगारला, छायेने त्याला शाप दिला आणि त्यातूनच सूर्याला कळले की ही संज्ञा नव्हे. शेवटी विश्वकर्म्याने सूर्याला चरकावर धरून त्याचे तेज कमी केले, तेव्हा कुठे संज्ञा परतली.

ही कथा मी आईला वाचून दाखवली. तिला ती शनिवारच्या पोथीमुळे थोडीफार माहीत होतीच. आपल्याकडे शनिमाहात्म्य वाचतात, कन्नड घरांतही शनी महात्मे वाचतात. तेलात आपला चेहरा पाहून ते तेल दान करण्याची रीतही दोन्हीकडे आहे. तिला छायादान म्हणतात, कारण छाया म्हणजे प्रतिबिंबही. म्हणूनच फोटोला आपण छायाचित्र म्हणतो आणि फोटो काढणाऱ्याला कन्नडात छायाग्राहक.

आई ऐकून म्हणाली, "बिचारी. उन्हात राहिली ती, आणि नाव पण तिचंच खराब."

मी पुस्तक मिटले. सावत्रपणाबद्दल छायेला बोल लावणारे पुष्कळ भेटले होते. पण ज्या आगीपुढे घरची धनीण टिकली नाही, त्या आगीपुढे ही उभी राहिली, हे मला कुणी सांगितले नव्हते.

दमयंतीने माणूस कसा ओळखला?

सावलीचा सर्वांत सुंदर अर्थ मला महाभारताच्या वनपर्वात सापडला. नळ-दमयंतीची कथा दोन्ही भाषांनी लाडाने सांगितली आहे. मराठीत रघुनाथपंडितांनी आणि कन्नडात कनकदासांनी ‘नळचरित्रे’त. त्यामुळे आमच्या घरात ती कुणालाच परकी नव्हती.

स्वयंवराच्या मंडपात दमयंती वरमाला घेऊन आली तेव्हा एका नळाच्या जागी पाच नळ बसले होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नळाचे रूप घेतले होते. पाचही हुबेहूब. दमयंतीने देवांचीच प्रार्थना केली, तेव्हा त्यांनी आपापली चिन्हे प्रकट केली. चौघांच्या पापण्या लवत नव्हत्या, अंगाला घाम नव्हता, गळ्यातल्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय जमिनीला टेकले नव्हते. त्यांची सावलीही पडत नव्हती. पाचव्याच्या माळेची फुले सुकली होती, अंगावर धूळ होती, घाम होता आणि पायाशी सावली होती.

दमयंतीने चार देव सोडले आणि सावली असलेल्याच्या गळ्यात माळ घातली.

सूनबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मावा, म्हणजे सावली हा दोष नाही. ती तर माणूस असल्याची खूण." मला जे दोन पानांत लिहायचे होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

सावली धरणारी राक्षसी

भीतीची बाजूही ग्रंथांत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात मारुती समुद्र ओलांडत असताना सिंहिका नावाची राक्षसी पाण्यावर पडलेली त्याची सावली धरते. सावली धरताच त्याचा वेग खुंटतो. सावली धरली की माणूस हातात आला, ही समजूत त्यामागे आहे. लहानपणी कुणी आमच्या सावलीवर पाय दिला की आम्ही भांडत असू, ते याच भीतीचे पोरखेळातले रूप असावे.

ग्रहणाची भीतीही याच कुळातली. राहू आणि केतू यांना आपण छायाग्रह म्हणतो. पण इ. स. ४९९ मध्येच आर्यभटाने स्वच्छ लिहून ठेवले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली झाकते. पुढे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सावलीच्या गणितासाठी छायाव्यवहार नावाचे वेगळे प्रकरण लिहिले. दिव्याची उंची आणि सावलीची लांबी यांचे हिशेब त्यात आहेत. म्हणजे आपल्याच परंपरेत एकीकडे सावलीला भिणारे होते आणि दुसरीकडे ती मोजणारे.

हे सगळे मी फळ्यावर खडूने कितीदा काढून दाखवले असेल. आणि तरीही २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण लागले तेव्हा आमच्या घरात काय झाले? कंकणाकृती ग्रहण मंगळूरच्या बाजूला दिसणार होते, बेळगावला खंडग्रास. सूनबाईंना तेव्हा पहिल्या वेळचा सातवा महिना होता. आईने खिडक्यांना चादरी लावल्या, सूनबाईंना आतल्या खोलीत बसवले आणि सुटेपर्यंत सुरीला हात लावू दिला नाही. मी शाळेतल्या मुलांना सुरक्षित चष्म्यातून ग्रहण दाखवून आलो आणि घरी मात्र गप्प बसलो. म्हटले, जाऊ दे, तीन तासांचा प्रश्न आहे.

जानेवारीत डोहाळजेवण झाले. सूनबाईंच्या माहेरी त्याला कुबस म्हणतात. विहीणबाईंनी धारवाडहून हिरवी इरकल साडी, गुळेदगुड्डचा खण आणि हिरव्या बांगड्या आणल्या. मुत्तैदे म्हणून पहिली ओटी त्यांनीच भरली. घर बायकांनी भरले होते आणि आई स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती. ती फोडणी तासभर चालली होती. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती दाराआड उभी राहून गाणी ऐकत होती. मला म्हणाली, "तू जा बाहेर. माझी सावली नको त्या पोरीवर." मी पाणी पिऊन बाहेर आलो. हा प्रश्न मात्र तीन तासांचा नव्हता.

सावलीचा विटाळ

सावलीचा सर्वांत काळा अर्थ कुठल्या राक्षसीने नव्हे, माणसांनीच लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतली स्थिती नोंदवली आहे. सवर्ण हिंदू रस्त्याने येत असेल तर अस्पृश्याने त्या रस्त्याने जायचे नाही, का, तर त्याची सावली पडून विटाळ होईल. जी खूण पाहून दमयंतीने माणूस निवडला, तीच खूण पाहून आम्ही माणूस रस्त्याबाहेर काढला.

पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या त्या अपमानाची बरोबरी मी आमच्या घरातल्या गोष्टीशी करणार नाही. पण विधवेची सावली शुभकार्यावर पडू नये, ही समजूत त्याच मुळातून वर आली आहे, हे मला नाकारता येत नाही. एकदा सावलीला विटाळ चिकटवला की तो कुणालाही चिकटवता येतो.

आपल्या शेजारीच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. बातमी वाचून मी आईला मोठ्याने ऐकवली होती. ती म्हणाली, "चांगलं केलं," आणि शेंगा सोलत राहिली. ठराव गावात होतो, पण मनातली सावली हलायला वेळ लागतो.

सावली पडावी म्हणून

मग मी उलट बाजूने शोधू लागलो. सावली पडू नये म्हणून झटणारे पुष्कळ, पण पडावी म्हणून धडपडणारे कुणी आहेत का?

आहेत. बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे, की पेत्र रस्त्याने जाताना निदान त्याची सावली तरी पडावी म्हणून लोक आजाऱ्यांना बाजांवर घालून रस्त्यात आणून ठेवत. जुन्या करारातल्या स्तोत्रांत एकीकडे मृत्युछायेच्या दरीचे वर्णन आहे, तर दुसरीकडे सर्वसमर्थ देवाच्या छायेत राहणाऱ्याचे. इस्लाममध्ये हदीस आहे, की जेव्हा दुसरी कुठलीच सावली नसेल त्या दिवशी अल्ला सात प्रकारच्या लोकांना आपल्या सावलीत घेईल. धम्मपदाच्या आरंभीच म्हटले आहे, की निर्मळ मनाने वागणाऱ्याच्या मागे सुख असे चालते जशी सोबत न सोडणारी सावली. आणि आपल्या ज्ञानदेवांनी पसायदानात सज्जनांना चालत्या कल्पतरूंची उपमा दिली आहे. झाड चालू लागले की सावली सगळ्यांच्या दारी जाते, असे मला तिथे नेहमी वाटते.

हे फक्त ग्रंथांतच नाही. बंगळुरूजवळच्या हुलिकल गावच्या तिम्मक्का आपणा सर्वांना ठाऊक आहेत. मूलबाळ नव्हते म्हणून नवरा-बायकोने हुलिकल ते कुदूर रस्त्याच्या कडेने वडाची झाडे लावली. लांबून पाणी आणून ती जगवली. चार-साडेचार किलोमीटरमध्ये ३८५ वड. लोक त्यांना ‘सालुमरद’ म्हणजे झाडांच्या रांगेच्या तिम्मक्का म्हणू लागले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या. नवरा त्यांच्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. त्या वडांखाली थांबणाऱ्या एकाही वाटसरूने ही नेरळु कुणाची, ती बाई सवाष्ण की विधवा, हे विचारले नसेल.

जुलैतले कुबस

जुलैत सूनबाईंना सातवा महिना लागला आणि पुन्हा कुबस ठरले. या खेपेला गप्प बसायचे नाही, असे मी मनाशी पक्के केले होते. नळ-दमयंती, पेत्राची सावली, तिम्मक्का, सगळे तयार होते.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. बायका जमल्या. आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेलो आणि वाचलेले सगळे सांगू लागलो. दोन मिनिटे तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुझी पुस्तकं राहू देत. चार बायका काय म्हणतील ते सांग." याचे उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हते.

एवढ्यात तिचे लक्ष दाराबाहेर बोळात गेले. तिथे विहीणबाई उभ्या होत्या. हातात ताट, ताटात साडी, खण, बांगड्या, सगळे गेल्या वेळसारखे. पण पाय पुढे टाकत नव्हत्या. २०२१ मध्ये व्याही गेले, हे मी या सगळ्या वाचनात विसरलोच होतो. त्यांनी ताट त्यांच्या जावेच्या हाती दिले आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अगदी आई उभी राहते तशाच.

आईने पदराला हात पुसले. बाहेर गेली. तिचे कन्नड बाजारापुरते. भाजीवालीशी घासाघीस करण्याइतके. पण तिने विहीणबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "बीगित्ती, हिला जन्म कुणी दिला? तुमच्याच सावलीत वाढली न्हवं ही?" आणि मग शब्द शोधत, अडखळत, "निम्म नेरळु मगळिगे बेकु." तुमची सावली मुलीला हवी.

विहीणबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मान हलवली, पण आईचा हात सोडला नाही. म्हणाल्या, "हंगाद्र नीवू बर्री, अव्वा." असे असेल तर तुम्हीही या.

आता आई अडकली. ती माझ्याकडे पाहू लागली. मी काहीच बोललो नाही, पण या वेळचे गप्प बसणे वेगळे होते. मी फक्त बोळातून बाजूला झालो.

दोघी हात धरून बाहेर आल्या. एक-दोघींच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेही सांगितले पाहिजे. एक बाई ताटावर न बसताच घरी गेल्या. पण सूनबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोघींपुढे पदर पसरला. पहिली ओटी त्या दोघींनी भरली.

तेवढ्यात पावसाने लाईट गेली. कुणीतरी देवघरातली समई आणून आईच्या मागे कोनाड्यात ठेवली. आईची सावली एकदम मोठी झाली, पाटावरून सूनबाईंच्या अंगावर आणि तिथून भिंतीवर चढली.

नात ओरडली, "पणजी, तुझी सावली अम्मावर पडली!"

गाणी थांबली. सगळ्या जणी आईकडे पाहू लागल्या. आईने मागे वळून समईकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग सुनेकडे.

"पडू दे," ती म्हणाली आणि तिने ओटीत आणखी एक ओंजळ तांदूळ घातले.